धागा : लीनता आणि विश्वास – बेनेडिक्टच्या बारा पायऱ्या रोजच्या दिवसात उतरवायच्या कशा?

सोपान (धागाकर्ता)

लूकच्या १७व्या अध्यायात प्रेषित येशूला म्हणतात, "आमचा विश्वास वाढवा." मागणी रास्त आहे. येशू आधी मोहरीच्या दाण्याचं बोलतो आणि त्याला लागूनच एका चाकराचा दाखला देतो. दिवसभर नांगर धरून किंवा मेंढरं राखून चाकर घरी येतो. धनी त्याला "बस, जेवून घे" म्हणत नाही. आधी माझं पान वाढ, म्हणतो. शेवटी येशू शिष्यांना सांगतो की सगळं करून झाल्यावरही म्हणा, आम्ही निरुपयोगी दास आहोत, करायला हवं होतं तेवढंच केलं.

मागितला होता विश्वास आणि शिकवण मिळाली लीनतेची. हे दोन परिच्छेद वेगवेगळे छापले जातात, त्यामुळे त्यांचा सांधा दिसत नाही. पण हाच सांधा मत्तयातही आहे. "मोठा विश्वास" अशी शाबासकी त्या शुभवर्तमानात येशू दोघांनाच देतो : रोमी शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांचा नायक (८:१०), आणि कनानी स्त्री (१५:२८). दोघंही परके. एक म्हणतो, माझ्या छपराखाली आपण यावं इतकी माझी योग्यता नाही. दुसरी म्हणते, धन्याच्या मेजावरून पडलेला चुरा कुत्र्यांनाही मिळतो. हक्क दोघंही सांगत नाहीत, आणि रिकाम्या हातानं परत जायलाही दोघं तयार नाहीत. विनम्र माणूस मागायला संकोचतो ही आपली समजूत या दोन्ही ठिकाणी मोडते.

हे रोजच्या जगण्यात कसं आणायचं, यावर सगळ्यात तपशीलवार लिहिणाऱ्यांत नर्सियाचा बेनेडिक्ट आहे. जन्म इ.स. ४८०च्या सुमारास, मृत्यू ५४७च्या सुमारास, इटलीतल्या माँते कासिनोचा मठ त्याचा. मठासाठी त्यानं लिहिलेल्या नियमाची ७३ प्रकरणं आहेत आणि त्यातलं ७वं लीनतेवर. बायबलमधल्या याकोबाला स्वप्नात दिसलेली, स्वर्गापर्यंत गेलेली शिडी तो घेतो. शिडीचे दोन दांडे म्हणजे आपलं शरीर आणि आत्मा, आणि त्यांत बसवलेल्या बारा पायऱ्या. या शिडीवर गर्वानं माणूस खाली येतो आणि लीनतेनं वर जातो. मूळ कल्पना पूर्णपणे त्याची नव्हे. त्याच्या आधी जॉन कॅशियन या संन्यासी लेखकानं लीनतेच्या दहा खुणा लिहून ठेवल्या होत्या. बेनेडिक्टनं त्यांना क्रम दिला, पहिली आणि शेवटची पायरी जोडली.

थोडक्यात पायऱ्या :
१. देव आपल्याला पाहतो आहे याचा विसर पडू न देणं.
२. स्वतःच्याच इच्छेवर प्रेम न करणं.
३. देवावरच्या प्रेमापोटी वडीलधाऱ्यांचं ऐकणं.
४. ते ऐकताना कठीण, अगदी अन्यायाचं काही वाट्याला आलं तरी मन शांत ठेवून टिकून राहणं.
५. मनातले वाईट विचार आणि लपून केलेल्या चुका मठाधिपतीपासून न लपवणं.
६. हलक्यात हलक्या कामात, साध्यात साध्या वस्तूंत समाधान.
७. मी सगळ्यांत लहान, हे जिभेनंच न म्हणता मनातून मानणं.
८. आपली वेगळी चूल न मांडता समाजाच्या नियमानं चालणं.
९ ते ११. जीभ आवरणं, उगाच न खिदळणं, बोलायची वेळ आलीच तर हळू आणि थोडकं बोलणं.
१२. आतली लीनता चालण्याबसण्यातही दिसणं. लूक १८ मधल्या दाखल्यात मंदिरात प्रार्थना करणाऱ्या जकातदारासारखी (कर गोळा करणाऱ्यासारखी) नजर खाली.

नऊ ते अकरा या पायऱ्यांवर फार थांबू नये असं मला वाटतं. हसण्याला बंदी असा अर्थ काढून लोक उदास चेहरे करून बसतात. ६व्या प्रकरणात बेनेडिक्टचा रोख उघड आहे : चावट विनोद आणि पोकळ बडबड.

खरं वजन पहिल्या पायरीत आहे. तिथे देवाचं भय येतं, पण ते शिक्षेच्या धाकापुरतं नाही. कुणाच्या समोर आहोत याचं भान राहिलं की स्वतःचा देखावा उभा करायची गरज उरत नाही. बघणाऱ्याला सगळं आधीच माहीत आहे. हे भान म्हणजे विश्वासच. म्हणून या शिडीची पहिली पायरीच विश्वासाची आहे, आणि ती कच्ची असेल तर पुढच्या अकरा पायऱ्या नुसत्या शिस्तीच्या होतात.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः घरदार, नोकरी असलेल्या माणसानं हे कसं करावं, यावर.

---

कोरा कागद

सातवी पायरी पटत नाही. "मी सगळ्यांत लहान" हे एखाद्या चांगल्या डॉक्टरनं किंवा शिक्षिकेनं मनातून मानायचं म्हणजे स्वतःशी खोटं बोलायचं ना? आणि ज्याला लहानपणापासून "तू काही कामाचा नाहीस" हेच ऐकवलं गेलं, त्याच्या हातात ही पायरी द्यायची?

---

वसईकर

प्रश्न नेमका आहे. मराठी बायबलमधले तीन शब्द शेजारी ठेवले की उत्तराची दिशा सापडते. मत्तय ५:३ मध्ये धन्य कोण? जे आत्म्याने "दीन". मत्तय ११:२९ मध्ये येशू स्वतःबद्दल म्हणतो, मी मनाचा "सौम्य व लीन" आहे. दीन म्हणजे ज्याच्याकडे स्वतःचं काही नाही आणि जो ते जाणतो. सौम्य म्हणजे बळ असून ते दुसऱ्यावर न चालवणारा. लीन म्हणजे टेकलेला, कशात तरी विसावलेला. या तिन्हीतला एकही शब्द "नालायक" असा नाही. आणि येशू स्वतःला लीन म्हणतो, तेव्हा लीनतेचा पापाशी किंवा कमीपणाशी अतूट संबंध असूच शकत नाही.

आविलाच्या तेरेसा या स्पॅनिश संन्यासिनीनं १५७७ साली लिहिताना हे फार सरळ मांडलं : लीनता म्हणजे सत्यात चालणं. चांगल्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरनं "मला काही येत नाही" म्हणणं ही लीनता नव्हे, ते असत्य आहे. हात कौशल्याचा आहे, तो मला दिला गेला, शिकवणारे मिळाले, आणि रोगी माझ्या मोठेपणासाठी आलेला नाही, एवढं मान्य करणं म्हणजे सत्य. बेनेडिक्टही कारागिराला कला सोडायला लावत नाही. ५७वं प्रकरण पाहा : कारागिरांनी आपलं काम पूर्ण लीनतेनं करावं. माझ्यामुळे मठाला मिळकत होते, असा कुणाला ताठा आला तरच त्याला त्या कामावरून काढावं, आणि ताठा गेला की मठाधिपती त्याला परत कामावर बसवू शकतो. पुढे तर बारीक गोष्ट आहे : मठात बनलेल्या वस्तूंची किंमत बाहेरच्या दरापेक्षा थोडी कमी ठेवावी, म्हणजे हाव शिरणार नाही. कौशल्य तसंच राहतं, त्यावर उभा राहिलेला "मी" तेवढा बाजूला होतो.

सातव्या पायरीचा उपयोग तुलना थांबवण्यासाठी आहे. दुसऱ्याचं आतलं मला दिसत नाही, त्याला किती कृपा मिळाली आणि किती ओझं मिळालं तेही ठाऊक नाही. माझ्या बाबतीत मात्र मला मिळालेलं आणि मी वाया घालवलेलं, दोन्ही माहीत आहे. त्या माहितीवर मी फक्त स्वतःचाच न्याय करू शकतो.

ज्याच्या मनात आधीच "मी नालायक" हे बसलं आहे त्यानं सातव्या पायरीपासून सुरुवात करू नये. त्याच्यासाठी पहिली पायरी आणि स्तोत्र १३१. ते स्तोत्र बेनेडिक्टनंच लीनतेच्या ७व्या प्रकरणाच्या सुरुवातीला घेतलं आहे. आईच्या अंगावर शांत झालेलं मूल, एवढंच चित्र आहे त्यात. रोज सकाळी ते तीन वचनांचं स्तोत्र हळू म्हणावं, काही महिने दुसरं काही करू नये.

---

गोदाकाठ

धागा चांगला चालला आहे, पण प्रोटेस्टंट बाजूनं एक हरकत नोंदवतो. शिडी म्हटलं की चढणं आलं, आणि चढणं म्हटलं की "मी इतक्या पायऱ्या चढलो" हे आलं. लूक १८ मध्ये त्या जकातदाराबरोबर मंदिरात आलेल्या परूश्याची, म्हणजे कर्मठ धार्मिकाची, अडचण नेमकी हीच आहे. आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशांश, सगळं खरं आहे. तो खोटं बोलत नाही, देवाचे आभारसुद्धा मानतो. तरी नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार. त्याच्याकडे दाखवायला एक वाक्य आहे : हे देवा, मज पाप्यावर दया कर.

म्हणून आमच्याकडे क्रम उलटा सांगतात : आधी विश्वास, त्यातून लीनता. स्वतःला नमवून विश्वासाची पात्रता मिळवायची नसते. कृपा फुकट मिळाली हे कळलं की ताठ मान आपोआप खाली येते. प्रोटेस्टंट सुधारणेला सुरुवात करणारा ल्यूथर १८ फेब्रुवारी १५४६ रोजी वारला. शेवटच्या दिवसांत त्यानं लिहिलेल्या चिठ्ठीचा शेवट असा आहे की आपण भिकारी आहोत, हे खरं. आयुष्यभर देवाचं वचन शिकवलेल्या माणसाचा हा हिशेब आहे.

लीनतेवर भर देण्यात मात्र आपण एकच आहोत. ऑगस्टीननं डिओस्कोरस नावाच्या तरुण विद्यार्थ्याला लिहिलं होतं की सत्याच्या वाटेवर पहिली गोष्ट लीनता, दुसरी लीनता, तिसरी लीनता, आणि कितीदाही विचारलंस तरी हेच सांगेन. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिननं हा उतारा मोठ्या आवडीनं घेतला आहे. ख्रिस्ती माणसानं याहून वेगळं काही पहिलं ठेवलं की घोटाळा होतो, यावर दोन्ही बाजूंचं दुमत नाही.

---

सोपान

गोदाकाठ, हरकत मान्य. ती बेनेडिक्टलाही ठाऊक होती असं दिसतं. नियमाच्या प्रस्तावनेतच तो म्हणतो की जे आपल्या स्वभावाला जमणारं नाही त्यासाठी प्रभूकडे कृपा मागावी. आणि शिडीच्या टोकाला काय आहे ते बघा. बारावी पायरी संपली की माणूस त्या प्रीतीपाशी पोहोचतो जी भय घालवून देते (१ योहान ४:१८). आधी भीतीनं पाळलेलं मग सहज पाळलं जातं, आणि तो म्हणतो की हे पवित्र आत्म्याचं काम आहे. बाराव्या पायरीवरचा माणूस तोंडानं काय म्हणतो? जकातदाराचंच वाक्य. म्हणजे सगळी शिडी चढून तो पोहोचतो मंदिराच्या मागच्या कोपऱ्यात, तुमच्या त्या जकातदाराशेजारी.

पायऱ्या मोजायच्या नाहीत, हे मात्र तुमच्याकडून घेतो. बाराव्या शतकातल्या क्लेअरवोच्या बर्नार्डनं हीच शिडी उलटी करून गर्वाच्या बारा पायऱ्या लिहिल्या. आपण कुठे आहोत हे ओळखायला त्या जास्त उपयोगी पडतात. त्याच्या मते घसरण मोठ्या पापापासून सुरू होत नाही, कुतूहलापासून होते : नजर भिरभिरते, दुसऱ्याचं काय चाललंय, कुणाला काय मिळालं. मग मन उथळ होतं, मग पोरकट हसणं, मग बढाई, मग "मी इतरांसारखा नाही" असं वेगळेपण मिरवणं, मग उद्धटपणा, न विचारता पुढे पुढे करणं. नंतर येतं चुकीचं समर्थन. त्याच्याही पुढची नववी पायरी फार सूक्ष्म आहे : कबुलीचं नाटक. इतकी मोठी चूक कबूल करायची की ऐकणाऱ्याचा विश्वासच बसू नये, उलट त्यानं वाहवा करावी. त्यानंतर बंड, मग मोकळेपणानं पाप, आणि शेवटी पापाची सवय.

दुसऱ्यांच्या आयुष्याचे फोटो तासन् तास चाळत बसणं हे या शिडीत पहिल्याच पायरीवर येतं. किरकोळ वाटतं, म्हणून सुटतं.

---

मोहरी

वर "कसं करायचं" विचारलं आहे, त्यावर. लीनता थेट वाढवता येत नाही. "आज मी लीन होणार" असं ठरवलं की दिवसभर स्वतःकडेच लक्ष जातं. एक लहान, दिसणारी, मोजता येणारी सवय धरावी लागते. यासाठी येशूसंघाचा संस्थापक लोयोलाच्या इग्नाशियसनं दिलेली विशेष आत्मपरीक्षेची रीत वापरून पाहावी. त्याचं 'आध्यात्मिक साधना' हे पुस्तक १५४८ साली पोपच्या मान्यतेनं छापलं गेलं, त्यात ही रीत आहे.

साहित्य : एक वही. आठवड्यासाठी सात जोड्या आडव्या रेघा ओढायच्या, दर दिवसाला दोन. मूळ आकृतीत पहिल्या दिवसाची रेघ सगळ्यात लांब आणि पुढच्या आखूड होत जातात, कारण दोषांचे ठिपके कमी होत जावेत अशी आशा आहे.

वेळा तीन. सकाळी उठल्या उठल्या : कोणता एक दोष आज टाळायचा आहे ते मनात घ्यायचं. दुपारच्या जेवणानंतर : देवाकडे कृपा मागून, उठल्यापासूनचे तास एकेक आठवायचे, जितक्यांदा तो दोष झाला तितके ठिपके पहिल्या रेघेवर. रात्रीच्या जेवणानंतर : दुपारपासूनचा हिशेब दुसऱ्या रेघेवर.

सोबत चार सूचना आहेत. दोष घडला त्याच क्षणी छातीवर हात ठेवून पश्चात्ताप करायचा (लोकांतही करता येतं, कुणाच्या लक्षात येत नाही, असं इग्नाशियस स्वतः म्हणतो). रात्री दोन रेघा ताडून बघायच्या. आज आणि काल ताडायचे. हा आठवडा आणि मागचा आठवडा ताडायचा.

रात्रीच्या साधारण परीक्षेचे मुद्दे वेगळे, पाच : आभार, स्वतःचं पाप ओळखण्याची कृपा मागणं, दिवस तपासणं (आधी विचार, मग शब्द, मग कृती), क्षमा मागणं, सुधारण्याचा निश्चय आणि शेवटी "हे आमच्या स्वर्गातील पित्या" ही प्रार्थना. पंधरा मिनिटं पुरतात. आभार आधी आहेत याकडे लक्ष द्या. बहुतेक जण घाईत थेट चुकांपासून सुरुवात करतात, आणि आठवड्याभरात ही परीक्षा नकोशी होते.

---

कोरा कागद

ठिपके नेमके कशाचे मोजायचे? "गर्व" मोजला तर रेघेवर जागा पुरणार नाही.

---

मोहरी

बरोबर, गर्व मोजायचाच नाही. गर्व ज्या एका ठिकाणी बाहेर येतो ते ठिकाण मोजायचं. यांपैकी एकच निवडा :

समोरच्याचं वाक्य तोडणं. चूक दाखवली की पहिल्या वाक्यातच खुलासा देणं. बोलता बोलता आपलं काम, ओळख किंवा वाचन सुचवून जाणं. मदत घेताना "तशी गरज नव्हती" म्हणणं. केलेल्या कामाचं कुणी कौतुक केलं का हे पाहायला परत जाणं. गैरहजर माणसाबद्दल हसू येईल असं बोलणं.

एक दोष साधारण महिनाभर तरी धरावा. दर दोन दिवसांनी बदलला तर काहीच हाती लागत नाही. दुसऱ्या आठवड्यात ठिपके बहुधा वाढतात. घाबरू नका, दोष वाढलेला नसतो, तो दिसायला लागलेला असतो. उलट पहिल्या तीन दिवसांतच रेघ कोरी पडायला लागली तर निवड चुकली असं समजा आणि घरातल्या एखाद्या माणसाला विचारा की माझं काय खटकतं. घरच्यांना बरोबर माहीत असतं, आणि ते विचारणं हीच त्या दिवसाची साधना.

खुलासा न देण्याबद्दल एक बारकावा. तोंडावर गप्प राहून मनात खटला चालवणं सुरू झालं तर तोही ठिपका धरायचा. आणि कामाच्या ठिकाणी खरी माहिती देणं आवश्यक असेल तर ती द्यायचीच. पण आधी "बघतो" म्हणून एक श्वास, मग माहिती. बचाव आणि माहिती यांत फरक त्या श्वासापुरता असतो.

---

वसईकर

मोहरीताईंच्या रीतीला एक पथ्य जोडतो. हळव्या विवेकाच्या माणसानं ठिपके मोजू नयेत. शंकेखोरपणा हा खरा आजार आहे आणि तो इग्नाशियसनं स्वतः भोगला होता. १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा इथे असताना तो जुनीच पापं पुन्हा पुन्हा कबूल करायचा, काहीतरी राहिलंच अशी टोचणी जाईना, जीव देण्यापर्यंतचे विचार आले. सुटका झाली ती मागची पापं परत कबूल करायची नाहीत, असा ठाम निश्चय केल्यावर.

खुणा : तीच गोष्ट तिसऱ्यांदा पापनिवेदनात सांगावीशी वाटणं, प्रार्थना "नीट झाली नाही" म्हणून परत सुरुवातीपासून म्हणणं, क्षमा मिळाली यावर विश्वास न बसणं. उपाय : एकच धर्मगुरू किंवा पाळक ठरवावा, तो "हे पाप नाही, पुढे चला" म्हणाला की पुढे जावं. त्रास झोपेवर, जेवणावर, कामावर येत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडेही जावं, त्यात विश्वास कमी पडल्यासारखं काही नाही. इथे स्वतःच्या तपासणीपेक्षा दुसऱ्याच्या शब्दावर टेकणं ही लीनता आहे. आणि देवानं क्षमा केली असताना "माझ्या पापाला ती पुरत नाही" असं धरून बसणं, दिसायला कितीही दीन असलं, तरी अविश्वासच.

---

निळी शाई

चौथ्या पायरीबद्दल कुणी काही बोललं नाही, म्हणून लिहिते. "अन्याय झाला तरी मन शांत ठेवून सहन करा" हे वाक्य मंडळ्यांमध्ये, घरांमध्ये, संस्थांमध्ये किती जणींना गप्प बसवायला वापरलं गेलं आहे. मार खाणाऱ्या बाईला "लीन हो, क्रूस उचल" असं सांगितलं जातं. या पायरीची मर्यादा स्पष्ट लिहायला हवी.

---

वसईकर

निळी शाई, हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. मर्यादा मूळ ग्रंथातच आहेत.

पहिली : या पायऱ्या माणूस स्वतःसाठी धरतो. दुसऱ्यावर लादायचं ते हत्यार नव्हे. बेनेडिक्टनं मठाधिपतीला २ऱ्या आणि ६४व्या प्रकरणांत बजावलं आहे की प्रत्येक जिवाचा जाब तुला द्यायचा आहे. गंज जास्त खरवडलास तर भांडंच फुटेल. ६४व्या प्रकरणात तर असंही आहे की मठानं स्वतःच्या दोषांना सांभाळून घेणारा वाईट माणूस मठाधिपती म्हणून निवडला, तर बिशपनं, शेजारच्या मठाधिपतींनी आणि आसपासच्या ख्रिस्ती लोकांनी मध्ये पडून ते थांबवावं. म्हणजे बाहेरच्यांनी हस्तक्षेप करणं हा नियमाचाच भाग.

दुसरी : ६८वं प्रकरण. अशक्य काम सांगितलं गेलं तर आधी स्वीकारून बघावं. झेपत नाही असं दिसलं तर योग्य वेळी, शांतपणे, गर्व किंवा हट्ट न करता कारणं सांगावीत. लीन माणसाला "हे मला जमणार नाही, कारण असं" म्हणायची सोय लेखी दिलेली आहे.

तिसरी, सगळ्यात वजनदार : योहान १८:२३. महायाजकासमोर शिपाई येशूला चपराक मारतो. दुसरा गाल पुढे करायला शिकवणारा येशू तिथे काय म्हणतो? वाईट बोललो असेन तर सिद्ध कर. योग्य बोललो तर मला का मारतोस? आणि प्रेषितांची कृत्ये १६:३७ मध्ये पौलाला फटके मारून तुरुंगात टाकलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडून द्यायचं ठरतं. तो नकार देतो : आम्ही रोमी नागरिक, चौकशीविना उघडपणे मारलं, आता त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावं. यातलं काहीही लीनतेच्या विरोधात नाही.

म्हणून मारहाण, लैंगिक छळ, पैशाची फसवणूक यांना चौथी पायरी लागू होत नाही. तिथे आधी सुरक्षित जागी जाणं आणि पोलिसांत तक्रार. चौथी पायरी आहे ती न मिळालेल्या श्रेयासाठी, उलटून बोललेल्या शब्दासाठी, चुकीच्या समजुतीसाठी.

---

गोदाकाठ

याला पूर्ण अनुमोदन. पाळकांनी लग्नाआधीच्या समुपदेशनात या तीन मर्यादा घ्याव्यात.

विश्वासाच्या बाजूनं एक भर. वर सगळं असं वाचलं जाईल की विश्वास पक्का आहेच, प्रश्न लीनतेचा. पण पुष्कळांचं उलटं असतं : प्रार्थना कोरडी पडते, कोणी ऐकतंय असं वाटत नाही. अशा वेळी मार्क ९:२४ मधल्या बापाचं वाक्य हाताशी असावं. आजारी मुलाला घेऊन आलेला तो बाप म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. दोन्ही एका दमात. आणि मूल बरं होतं. अर्धवट विश्वास लपवून पूर्ण असल्याचा आव आणला असता तर ती लीनता नसती आणि विश्वासही नसता.

---

मोहरी

कोरड्या काळासाठी इग्नाशियसचे नियम फार उपयोगी आहेत. मन उदास, कोरडं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. आधी ठरवलं होतं तितकंच, किंबहुना थोडं जास्त करायचं. तासभर प्रार्थना ठरली असेल तर कोरड्या दिवशी तास पुरा झाल्यावर थोडं जास्त बसायचं. उलट, गोडी लागलेली असताना उद्याच्या कोरडेपणाची आठवण ठेवून जमिनीवर राहायचं. कोरडेपणाची कारणं तो तीन सांगतो : आपला आळस, देव आपली पारख करतो, आणि गोडी ही आपली कमाई नव्हे हे कळावं म्हणून. तिसरं कारण म्हणजे लीनतेचाच धडा.

लोक चुकतात ते इथे : कोरडं वाटलं की नवं पुस्तक, नवी पद्धत, नवी सभा शोधतात. पद्धत बदलू नये. पूर्वेकडच्या (ऑर्थोडॉक्स) मंडळीत शतकानुशतकं एकच लहान प्रार्थना चालते : प्रभू येशू ख्रिस्ता, देवपुत्रा, मज पाप्यावर दया कर. श्वासाबरोबर, हळू, दहा मिनिटं. तिच्यात विश्वासाची कबुली आणि जकातदाराची लीनता, दोन्ही एकाच वाक्यात आहेत. आकडा मोजत बसू नये, आणि अंगात ऊब किंवा उजेड जाणवावा म्हणून वाट बघू नये. तसं काही जाणवलं तर जाणकाराला सांगावं, त्याच्यामागे लागू नये.

---

सोपान

पूर्वेकडचा विषय निघाला म्हणून सातव्या शतकातल्या सिनाय पर्वतावरच्या योहानाचं एक निरीक्षण. त्यानंही शिडी लिहिली, तीस पायऱ्यांची, लीनता पंचविसावी. पोकळ अभिमानाबद्दल तो म्हणतो : उपास केला तर उपासाचा अभिमान, लोकांना कळू नये म्हणून मोडला तर शहाणपणाचा अभिमान. चांगलं नेसलं तर एक, फाटकं नेसलं तरी तेच. उपमा त्यानं काट्याची दिली आहे, आपल्याकडे माळरानावर जो सराटा असतो तसल्या : कसाही टाका, एक काटा वरच राहतो.

यातून सुटायचा प्रयत्न डोक्यात करू नये. डोक्यात जितकं फिराल तितके काटे. हातानं काहीतरी करावं. बेनेडिक्टनं ३५व्या प्रकरणात स्वयंपाकघराची पाळी सगळ्यांना लावली आहे, आजारी आणि अगदी निकडीच्या कामात असलेले सोडून. आठवडा संपला की शनिवारी जाणाऱ्यानं साफसफाई करायची, हातपाय पुसायचे पंचे धुवायचे, जाणाऱ्यानं आणि येणाऱ्यानं मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे, भांडी मोजून, स्वच्छ आणि धड परत द्यायची. आणि वाढणाऱ्यांना जेवणाच्या तासभर आधी नेहमीपेक्षा जास्तीची भाकरी आणि पेय द्यायचं, म्हणजे कुरकुर न करता वाढता येईल. भुकेल्या माणसाकडून लीनता मागू नये हे त्याला कळत होतं.

४६वं प्रकरणही घरात लागू पडतं. काही फुटलं, हरवलं, बिघडलं तर स्वतः होऊन लगेच सांगावं. दुसऱ्याकडून कळलं तर शिक्षा जास्त. पण पाप मनातलं असेल तर चारचौघांत नाही, जखम बरी करणं ज्याला येतं आणि जो ती उघड करत नाही अशा ज्येष्ठालाच.

---

निळी शाई

पाय धुण्यावरून आठवलं. पवित्र गुरुवारी चर्चमध्ये पाय धुतात तेव्हा धुणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. योहान १३ मध्ये अडचण होते ती धुवून घेणाऱ्याची. पेत्र म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. तोही दिसायला नम्रपणाच होता. येशू म्हणतो, मग माझ्याबरोबर तुला वाटा नाही. घेता न येणं हीसुद्धा ताठ मानच. वारीत थोर-लहान सगळे एकमेकांच्या पायां पडतात, तेव्हा पाया पडू देण्याचाही संकोच मोडावा लागतो. ते पाहिलेल्या मराठी माणसाला पेत्राची अडचण लगेच समजते.

---

कोरा कागद

आता सुरुवात कुठून करायची ते एकदा सरळ सांगा. वाचन किती, वही कधी.

---

सोपान

बेनेडिक्टचा नियम मठांमध्ये रोज थोडा असा वर्षातून तीनदा वाचतात. १ जानेवारी, २ मे आणि १ सप्टेंबरला पहिल्यापासून सुरुवात. त्या हिशेबानं सातवं प्रकरण २५ जानेवारी, २६ मे आणि २५ सप्टेंबरला लागतं आणि चौदा दिवस चालतं. तेवढेच चौदा दिवस धरा. सकाळी त्या दिवसाचा तुकडा, एखाद्या परिच्छेदाएवढा, दोनदा वाचायचा, आणि स्तोत्र १३१. वही पहिल्या आठवड्यात नको. दुसऱ्या आठवड्यापासून मोहरीताईंच्या यादीतला एक दोष, दोन रेघा. रात्री पाच मुद्दे, आभारांपासून. रविवारी हिशेब ताडायचा, आणि ज्यांच्याशी मोकळेपणानं बोलता येतं अशा एकाच माणसाला सांगायचा.

चौथ्या पायरीच्या दिवशी वसईकरांच्या तीन मर्यादा सोबत ठेवा. सातवीचा दिवस जड गेला तर ती सोडून पुढे जा, पुढच्या खेपेला घ्या.

---

कोरा कागद

वाक्य तोडणं घेतो. सोमवारपासून रेघा.